पदवीनंतर नर्सिंग: क्लिनिकल पोस्टिंगला तीन आठवडे उरलेत आणि पोटात गोळा आलाय

पाऊलवाट३ (धागाकर्ती) | रविवार, रात्री ११.२०

मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३३. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी, मग सात वर्षं प्रयोगशाळेत नोकरी. नमुने यायचे, प्लेटवर काय उगवलंय ते बघायचं, रिपोर्ट लिहायचा. नमुन्यामागचा माणूस कधी दिसला नाही. तो दिसावा असं वाटायला लागलं, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे शुद्ध कंटाळा, उगाच उदात्त काही सांगत नाही. तर आधीची पदवी असणाऱ्यांसाठी जो दोन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम असतो, त्याला प्रवेश घेतला.

पहिलं सत्र वर्गात आणि स्किल लॅबमध्ये गेलं. मार्क छान पडले. रबरी हातात शीर पहिल्या फटक्यात सापडते, मॅनिकिनला कॅथेटर घालता येतो, मॅनिकिन तक्रारही करत नाही. आता तीन आठवड्यांनी मेडिकल वॉर्डात आठ आठवड्यांचं पोस्टिंग आहे. आठवड्यातले चार दिवस ड्यूटी, दोन दिवस वर्ग, शेवटचे दोन आठवडे रात्रपाळी. त्यातच पॅथोफिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजीचे पेपर, पाच केअर प्लॅन (एकेका पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा), दोन केस स्टडी, दर आठवड्याला डायरी, आणि लॉगबुकात सह्या गोळा करायच्या.

अभ्यास नक्की कधी करायचा? हा झाला सभ्य प्रश्न. खरा प्रश्न असा की सात वर्षं लोक मला विचारायला यायचे, आणि आता तेविशीतल्या स्टाफ सिस्टरसमोर उभं राहून 'मला येत नाही' म्हणायचंय. ते कसं जमवायचं?

अर्धा_इंजिनिअर | रविवार, रात्री ११.५२

ताई (वय वाचून ताई म्हणतोय, राग नसावा), मी तुमच्यापुढे दोन सत्रं आहे. इंजिनिअरिंग पूर्ण केलं, चार वर्षं नोकरी केली आणि मग इकडे आलो.

ड्यूटीनंतर तीन तास अभ्यास करीन, असं जे वेळापत्रक तुम्ही नक्की बनवलं असणार, ते आजच फाडून टाका. पहिला आठवडा घरी येऊन नुसतं भिंतीकडे बघण्यात जातो. मी बूट न काढता झोपलोय.

माझं जे जमलं ते सांगतो. रोज एकच पेशंट निवडायचा. त्याचा आजार, त्याच्या गोळ्या, त्याचे रिपोर्ट, आणि रात्री फक्त तेवढंच वाचायचं, पाऊण तास. पुस्तकातलं 'हार्ट फेल्युअर' हे प्रकरण मी तीनदा वाचून विसरलो होतो. मग एक आजी भेटल्या, तीन उशा घेतल्याशिवाय झोपू न शकणाऱ्या. आडवं झालं की पायातलं पाणी रक्तात परत येतं, हृदयाला ते पुढे ढकलणं झेपत नाही आणि फुप्फुसात साचतं, म्हणून उशा. आता ते प्रकरण मेलो तरी विसरणार नाही. आठ आठवड्यांत असे तीसेक पेशंट होतात, म्हणजे निम्मा अभ्यासक्रम झाला की.

बाकी सटरफटर: बूट आत्तापासून घालायला लागा, पोस्टिंगच्या दिवशी नवे बूट म्हणजे आत्महत्या. खिशात मावेल अशी वही. पेनं चार न्या, संध्याकाळी एक उरेल, डॉक्टर लोक पेन परत करत नाहीत हा निसर्गनियम आहे. आणि सेकंदकाट्याचं घड्याळ, युनिफॉर्मला लटकवायचं. मनगटावर काही घालू देत नाहीत.

जुनी_सिस्टर | सोमवार, सकाळी ६.१०

२६ वर्षं वॉर्डात काढली, आता शिकवते. अगं-तुगं करते, चालेल ना?

आधी रूक्ष गोष्टी. हिपॅटायटिस बी चे तीन डोस झालेत का? ०, १ आणि ६ महिने असं ते वेळापत्रक असतं. झाले असतील तर अँटिबॉडी तपासून घे, १० किंवा त्याहून जास्त हव्यात. सुई टोचली तर जखम पिळत बसायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, आणि त्याच मिनिटाला इनचार्जला सांगायचं. एचआयव्हीसाठी औषध सुरू करायचं झालं तर ते जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत तर हवंच. 'ड्यूटी संपल्यावर सांगू' म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्यात. का, तर ओरडा बसेल. आणि वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, सरळ डब्यात टाकायची.

आता तुझा खरा प्रश्न. पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या अभ्यासकाने १९८४ साली नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की एका विभागातली मुरलेली परिचारिका अनोळखी विभागात गेली की पुन्हा पहिल्या पायरीवर येते. मी १५ वर्षं सर्जिकल वॉर्डात काढून नवजात बाळांच्या विभागात गेले, तेव्हा दीड किलोच्या बाळाला हात लावायला घाबरले होते. ज्या मुलीने मला शिकवलं ती माझ्या लेकीच्या वयाची होती. तिला मी 'मॅडम' म्हणायचे, ती लाजायची.

आणि पहिल्या दिवशी काम मागू नकोस. एका पेशंटजवळ बसायची परवानगी माग. दारातून आत जाताना, हात लावायच्या आधी, बघ: रंग कसा आहे, बसलाय कसा, बोलताना धाप लागतेय का, सलाईनच्या जागी सूज आहे का, लघवीची पिशवी किती भरलीय, पाणी हाताला येईल असं ठेवलंय की नाही. हे पंधरा सेकंदांत बघता यायला लागलं की पोस्टिंगचं चीज झालं.

नाडी, बीपी, ताप मोजायला सगळ्यांना येतं. श्वास मोज. पूर्ण एक मिनिट. नाडी झाली की मनगट सोडायचं नाही, नजर छातीवर न्यायची. त्याला वाटतं नाडीच चाललीय. 'आता श्वास मोजते' म्हटलंस की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. कुठल्याही वॉर्डातले चार्ट काढून बघ, सगळ्यांचा श्वास १८. दम्याचा १८, फ्रॅक्चरचा १८, नुकताच जिना चढून आलेल्याचाही १८. बाकीचे आकडे यंत्र देतं. हा एकच आकडा माणसाने मिनिटभर उभं राहून मिळवायचा असतो, म्हणून नेमका तोच चोरला जातो.

पाऊलवाट३ | सोमवार, रात्री १०.०५

वाचनखूण साठवली! हिपॅटायटिसचे डोस प्रयोगशाळेत असतानाच झालेत, अँटिबॉडी कधीच तपासल्या नव्हत्या. उद्या तपासते. बूट आणले, घरात घालून फिरतेय.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, दुपारी १.३०

थोडा विरोधी सूर. दुसऱ्या कुठल्याशा विषयाची पदवी असली की दोन वर्षांत नर्स, हे मला पटत नाही. जे आधीपासून यातच आहेत त्यांचे हात चार वर्षं घासलेले असतात. दुसरं, केअर प्लॅन. माझी बायको याच व्यवसायात आहे. तिच्या मते वॉर्डात केअर प्लॅन कुणी वाचत नाही. विद्यार्थी रात्रभर जागून लिहितात, इन्स्ट्रक्टर पान उलटून सही करतात. कागदी घोडे! त्यापेक्षा झोपा काढा.

अर्धा_इंजिनिअर | मंगळवार, दुपारी २.१५

दोन वर्षांचं म्हणाल तर क्लिनिकलचे तास आम्हालाही भरावेच लागतात, सवलत मिळते ती आधी शिकलेल्या विज्ञानात. हात घासायचे राहत नाहीत, सुट्ट्या राहतात. केअर प्लॅनबद्दल मात्र दबक्या आवाजात अनुमोदन.

जुनी_सिस्टर | मंगळवार, रात्री ९.४०

दबक्या आवाजात कशाला, मोठ्याने बोल. विद्यार्थी लिहितात तसे केअर प्लॅन खरंच कागदी घोडे असतात. मी वर्षाला शंभरेक तपासते, नव्वदांमध्ये एकच वाक्य: 'दर दोन तासांनी कूस बदलणे.' पुस्तकातून उतरवलेलं.

आता हे बघा. पक्षाघात झालेले एक गृहस्थ, डावी बाजू लुळी, स्वतःहून हलता येत नाही, अंथरूण ओलं होतं, जेवण निम्मं. ब्रेडन मापात १२ गुण. हे माप ६ ते २३ असतं, गुण जितके कमी तितका बेडसोअरचा (पडून राहून होणाऱ्या जखमांचा) धोका जास्त, आणि १८ किंवा त्याखाली गेलं की जागं व्हायचं. तर यांची कूस बदलायची, कबूल. पण डाव्या कुशीवर किती वेळ, जर त्या बाजूला दुखलेलं त्यांना कळतच नाही? टाचा गादीला टेकल्यात, त्यांचं काय? त्यांना गिळायला त्रास आहे, म्हणून भरवताना ताठ बसवावं लागतं, नाहीतर घास श्वासनलिकेत जायचा. पण पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या वर तशीच राहिली की ते हळूहळू खाली घसरतात. कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड पुढे सरकतं, आणि माकडहाडावरची कातडी आतून फाटते. म्हणजे फुप्फुसासाठी बसवायचं आणि कातडीसाठी झोपवायचं. भरवल्यावर अर्धा तास ताठ, मग पलंग खाली, पोटरीखाली उशी म्हणजे टाचा अधांतरी. ही ओढाताण ज्या कागदावर दिसते तो केअर प्लॅन. बाकीची सुलेखनाची वही.

असा एक लिहायला तीन तास लागतात, मान्य. म्हणून पाचच मागतात.

मात्रा | मंगळवार, रात्री ११.००

रुग्णालयातल्या औषधविभागात काम करते. सिस्टर लोकांचे फोन घेणारी ती मीच. विद्यार्थ्यांनो, गणित पक्कं करून या, हात जोडते.

सलाईन ५०० मिली, चार तासांत द्यायचं, संचातून १ मिलीचे २० थेंब पडतात. ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४१.६७, मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो संच असेल, १ मिलीचे ६० थेंब, तर गंमत अशी की तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. म्हणजे इथे १२५. ही सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. लोक चुकतात ते दशांशचिन्हात.

८ किलोचं बाळ, पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे १२० मिग्रॅ. बाटलीवर लिहिलंय ५ मिलीत १२५ मिग्रॅ. उत्तर ४.८ मिली. घाईत कुणाचं ४८ येतं. आता ४८ मिली म्हणजे ६० ची बाटली जवळजवळ रिकामी! गणित चुकलं तरी चालेल, पण बाटली रिकामी होताना हात थांबला पाहिजे. आधी अंदाज, मग गणित, मग पुन्हा अंदाज.

आणि लिहिताना ५.० असं लिहू नका, टिंब पुसट झालं की ५० होतात. अर्धा असेल तर नुसतं टिंब पाच नको, आधी शून्य द्या, ०.५. इन्सुलिनचं 'युनिट' पूर्ण लिहा, नुसत्या इंग्रजी यू चं शून्य वाचून दहापट डोस गेल्याचे प्रकार जगभर नोंदलेले आहेत. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र ॲम्प्यूल थेट शिरेत द्यायची नसते, कधीही नाही, कुणीही सांगितलं तरी नाही. हृदय बंद पडतं.

खिडकीजवळचा_बेड | बुधवार, सकाळी ८.२०

पेशंटच्या बाजूने चार ओळी. गेल्या वर्षी ११ दिवस वॉर्डात होतो. एका विद्यार्थिनीला माझी शीर सापडेना. दोनदा टोचून झालं. मग ती म्हणाली, "काका, माझ्याकडून होत नाहीये, मी सिस्टरना बोलावते." तिसऱ्यांदा प्रयत्न केला असता तरी मी ओरडलो नसतो, पण ती थांबली म्हणून मी पुढचे दहा दिवस तिच्याकडूनच ड्रेसिंग करून घेतलं.

राग एकदाच आला. दोघं विद्यार्थी माझ्या पायाशी उभं राहून माझ्याबद्दल बोलत होते. 'हा गॉलब्लॅडरवाला.' मी जागा होतो हो.

पाऊलवाट३ | पोस्टिंगचा पहिला शनिवार, संध्याकाळी ७.००

धागा वर काढतेय. जिवंत आहे.

पहिल्या दिवशी एका बाईंना अंथरुणात अंघोळ घालायची होती. लॅबमध्ये मॅनिकिनवर आठ मिनिटांत केलं होतं. इथे ४० मिनिटं लागली, पाणी दोनदा गार झालं. सोबतची मावशी निमूटपणे गरम पाणी आणून देत होती. पाठ पुसताना बाई म्हणाल्या, "हात थरथरतायत तुझे, पण ऊबदार आहेत." मी पडद्यामागे जाऊन रडले. का ते विचारू नका.

@जुनी_सिस्टर, चार्ट बघितले. १८, १८, २०, १८. हसूच आलं.

@अर्धा_इंजिनिअर, एक पेन उरलं.

अर्धा_इंजिनिअर | शनिवार, रात्री ८.३०

पेन उरलं म्हणजे वॉर्ड चांगला आहे.

पाऊलवाट३ | तिसरा रविवार, रात्री १.१५

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. पेशंटची ओळख पटेल असं सगळं बदललंय.

शुक्रवारी दुपारची पाळी. एक आजोबा, न्यूमोनियातून बरे होत आलेले, दोन दिवसांत घरी जायचे होते. दिवसभर छान बोलत होते. संध्याकाळी सहाला व्हायटल्स (नाडी, श्वास, ताप, बीपी) घ्यायला गेले तेव्हाही बोलत होते, पण वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घेत होते. दुपारी असं नव्हतं. मनगट धरून ठेवलं, छातीकडे बघत राहिले. २८. माझंच चुकलं असेल म्हणून परत मोजलं. ३०. तिसऱ्यांदा, २८. नाडी १०८, ताप ३७.९, बीपी ठीक, ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९४.

आमच्या चार्टवर धोक्याचे गुण द्यायची पद्धत आहे. श्वास २५ किंवा जास्त असला की त्या एकाच खान्याचे ३. नाडीचा १, ऑक्सिजनचा १. बेरीज ५. पाचाला डॉक्टरांना बोलवायचं असं चार्टच्या तळाशी छापलेलंच आहे. आणि तरी मी वीस मिनिटं काही बोलले नाही. स्टाफ सिस्टर औषधांच्या गाडीवर होत्या, त्यांना थांबवायचं कसं, मोजण्यात माझीच चूक निघाली तर, असलं काहीतरी डोक्यात. शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सॅच्युरेशन बरं आहे ना? बघते गाडी झाली की."

इनचार्ज सिस्टरनी पलीकडून ते ऐकलं. काही न बोलता आल्या, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट. वॉर्ड तसाच चालू होता, कुणाची तरी सलाईन संपून पंप वाजत होता. मग सरळ फोनकडे गेल्या. रात्री आजोबांना आयसीयूत हलवलं. छातीत पू साठायला लागला होता. आज बरे आहेत असं कळलं.

सगळ्यांनी कौतुक केलं. इन्स्ट्रक्टर बाईंनी वर्गात उदाहरण म्हणून सांगितलं.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. दुपारी दोनच्या खान्यात १८ आहे. अक्षर माझं आहे. तो श्वास मी मोजला नव्हता. राउंड येत होता, चार पेशंट उरले होते, वरच्या रकान्यात १८ होतं, मी १८ लिहिलं. कदाचित तेव्हा खरंच १८ असेल. कदाचित २४ असेल. मला कधीच कळणार नाही.

सांगू का बाईंना?

उंटावरचा_शहाणा | रविवार, सकाळी ९.००

अजिबात सांगू नका. आजोबा वाचले, तुम्ही शिकलात, विषय संपला. खोटी नोंद म्हणून काढून टाकलं तर दोन वर्षं आणि फी दोन्ही पाण्यात. सगळेच लिहितात १८. तुम्ही एकट्याच हरिश्चंद्र कशाला होताय?

मात्रा | रविवार, सकाळी ९.४०

सगळेच लिहितात, हीच तर अडचण आहे ना?

पण मलाही भीती वाटते तुझ्यासाठी. बाई कशा आहेत त्यावर आहे.

खिडकीजवळचा_बेड | रविवार, सकाळी १०.१५

माझ्याही चार्टवर १८ होतं. तेव्हा मला वाटायचं, काय नियमित श्वास आहे माझा!

जुनी_सिस्टर | रविवार, दुपारी १२.३०

सांग.

तुझं मन हलकं व्हावं म्हणून नाही. आजोबांच्या केसचा आढावा होईल तेव्हा कुणीतरी तो चार्ट समोर धरून म्हणेल, 'दोनला ठणठणीत, सहाला घसरले, म्हणजे अचानक झालं.' कदाचित अचानक झालेलं नसेल. चार तास आधी सुरू झालं असेल. त्या एका आकड्यामुळे आजाराचा इतिहास खोटा होतो आणि पुढचा निर्णय त्यावर बेततात. तू प्रयोगशाळेत होतीस, प्लेट न बघता रिपोर्ट लिहिला असतास का?

सांगताना रडगाणं नको. काय लिहिलं, कधी, का, आणि आता काय करणार, चार वाक्यांत. लेखी घेऊन जा. जुनी नोंद खोडायची नाही. दुरुस्तीची नोंद वेगळी करायची असते, तारीख, वेळ आणि सहीनिशी, ती कशी ते बाई दाखवतील.

आणि ती वीस मिनिटं. त्याबद्दल कुणी विचारलं नाही, पण मी विचारते. पुढच्या वेळी गाडीवरच्या सिस्टरला काय म्हणशील? 'आजोबांना बरं वाटत नाहीये' याने कुणी थांबत नाही. 'तीन नंबर, न्यूमोनियाचा पाचवा दिवस, श्वास २८, तीनदा मोजला, गुण ५, आत्ता येऊन बघा.' काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. हीच एसबार, या चार मुद्द्यांची इंग्रजी आद्याक्षरं. ही रीत आली अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून. तिथेही कनिष्ठाने वरिष्ठाला थोडक्यात आणि न घाबरता सांगायची पंचाईत होती. आरशासमोर मोठ्याने म्हणून बघ, हसू येईल, तरी म्हण.

अर्धा_इंजिनिअर | रविवार, दुपारी १.००

ताई, मीही लिहिलंय १८. एकदा नाही. एवढंच.

पाऊलवाट३ | मंगळवार, रात्री ९.१०

सांगितलं.

बाई बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. विचारलं, "बाकी तिघांचे?" मी म्हटलं, दोघांचे मोजले होते, एकाचा नाही. तेही लिहायला लावलं. दुरुस्तीची नोंद इनचार्ज सिस्टरसमोर केली. मग माझं लॉगबुक मागितलं आणि 'व्हायटल साइन्स' च्या ओळीवरची स्वतःचीच सही आडवी रेघ मारून रद्द केली. वर्गातली सगळ्यात सोपी सही, पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना मिळते ती. माझी आता नाही. २५ पेशंटचे व्हायटल्स बाईंसमोर मोजायचे, मग सही परत.

विभागप्रमुखांकडे लेखी गेलंय. ताकीद मिळेल, काढणार नाहीत असं दिसतंय. वर्गातल्या दोघीजणी बोलत नाहीत, कारण बाईंनी काल सगळ्यांचेच चार्ट काढून बघितले.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, रात्री १०.००

माझा सल्ला मानला नाहीत. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं नाही मानला. शब्द मागे घेतो, केअर प्लॅनबद्दलचे सोडून.

पाऊलवाट३ | बुधवार, रात्री ११.३०

:) २५ पैकी ९ झाले. एक बाई २२ निघाल्या, आधीच्या खान्यात अर्थात १८. सिस्टरना लगेच सांगितलं. त्यांनी गाडी थांबवली.

पुढच्या महिन्यात रात्रपाळी आहे. दिवसा झोपायचं कसं ते सांगा आता.

जुनी_सिस्टर | गुरुवार, सकाळी ६.०५

खोलीत गडद अंधार कर आणि फोन बाहेर ठेव. सकाळी घरी येताना डोळ्यांवर उन्हाचा चष्मा लाव, प्रकाश डोळ्यांत गेला की मेंदूला वाटतं दिवस उगवला, मग झोप गेली. पहिल्या रात्रीच्या आधी दुपारी दीड तास पड. पहाटे तीन ते पाच सगळ्यात वाईट. त्या वेळात औषधाचा डोस एकटीने काढू नकोस, दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लाव. घरी स्वतः गाडी चालवत येऊ नकोस.

नवी_पालवी | गुरुवार, दुपारी ४.४५

पूर्ण धागा वाचला. माझंही पोस्टिंग पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. घड्याळ कुठलं घेतलंत ताई?

पाऊलवाट३ | गुरुवार, रात्री ९.२०

सेकंदकाटा असलेलं कुठलंही घे. आकडेवालं नको, त्यात नजर घड्याळावरच राहते. काटा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो.